विमानाच्या फोटोतला काळा धागा

मी एक घोंगडी बोलतेय. काळ्या लोकरीची, कडेला पांढरी पट्टी असलेली. माझा जन्म परभणी जिल्ह्यातल्या बोरीचा. धोंडीबाच्या मेंढरांची लोकर त्याच्या बायकोनं, कासाबाईनं कातली. विणकरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं. पुढं बरीच वर्षं मी धोंडीबाच्या खांद्यावर रानोमाळ हिंडले. नुकतं जन्मलेलं कोकरू आधी माझ्यातच गुंडाळलं जाई. मग धोंडीबाचे गुडघे दुखू लागले, मेंढरं पुतण्याकडं गेली आणि मी पत्र्याच्या पेटीमागं पडले. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. माझं आता काही उरलं नाही, असंच मला वाटलं होतं.

धोंडीबा-कासाबाईची मुलगी दीपिका लग्नांचे फोटो काढायची. मनातून तिला वर्तमानपत्रात काम करायचं होतं. परभणीच्या एका लहानशा दैनिकाचे संपादक दिनकरराव एक दिवस तिला म्हणाले, "राजस्थानच्या वाळवंटात हवाई दलाचा सराव आहे. आपल्याला एक पास मिळालाय. पहिल्या पानावर लावावा असा फोटो आण, छायाचित्रकाराची जागा तुझी. नाही आणला तर लग्नं आहेतच की!"

निघताना कासाबाईनं मला पेटीमागून काढून झटकलं आणि दीपिकाच्या पिशवीत कोंबलं.

"आई, तिथं लय मोठे लोक येतेत. हे कुठं नेऊ?"

"मोठ्या लोकायला वारं लागत न्हाई का?"

तिथं पोचल्यावर दीपिकाला मला बाहेर काढायची लाज वाटली. मी पिशवीतूनच ऐकत होते. विमानाचा आवाज आला की ती झटकन त्या बाजूला कॅमेरा वळवायची, आणि तिथं नुसतं रिकामं आभाळ! मेंढपाळाची लेक ती. रानात सळसळ झाली की आधी कान टवकारायचे, मग तिकडं बघायचं, हेच तिच्या अंगात मुरलेलं. पण लढाऊ विमान आवाजाच्या आधीच निघून गेलेलं असतं. एकामागून एक विमानं गेली. फोटोत फक्त धूर आला.

भोंग्यावर सांगितलं, आता शेवटची जोडी येणार. तेवढ्यात वारं सुटलं. वाळू डोळ्यांत, कॅमेऱ्यावर. तेव्हा कुठं तिला माझी आठवण झाली. तिनं माझी खोळ केली, डोक्यावरून घेतली आणि कॅमेराही आत ओढला. नुसतं भिंग बाहेर.

शेजारचा छायाचित्रकार हसला. "दीदी, ठंड लग रही है क्या?"

"हां भैया, लय!"

माझ्या जाड लोकरीनं तिचे कान झाकले गेले. बाहेरचा गलका बुजला. आता तिच्याकडं डोळेच तेवढे उरले. वाळूच्या टेकाडाच्या वर, आभाळात तिला दोन ठिपके दिसले. आवाजाचा अजून पत्ता नव्हता.

"हं, इकडं बघा," ती लग्नातल्या सवयीनं पुटपुटली आणि तिनं बटण दाबलं.

मग तो गडगडाट आला. माझा धागान् धागा थरथरला. ती मात्र हलली नाही.

परभणीला दिनकररावांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. वाळूवर आपली सावली टाकत दोन विमानं थेट समोर येत होती. वरच्या कोपऱ्यात एक काळी, पुसट रेघ होती.

"हे काय आलंय? कापून टाकू?"

"नको सर, ऱ्हाऊ द्या. ते आमच्या घरचं हाय."

ती रेघ म्हणजे भिंगासमोर लोंबलेला माझा सुटलेला धागा. फोटो पहिल्या पानावर छापून आला आणि दीपिकाला जागा मिळाली. धोंडीबानं विमानांआधी तो धागाच ओळखला.

आता मी दीपिकाच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत असते. माझ्या विणीत कोकराचा वास आहे आणि वाळवंटातली वाळूही. ज्या मेंढरांनी मला अंगावरची लोकर दिली आणि ज्या लेकीनं मला पेटीमागून जगात नेलं, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. कासाबाई, मला धुवायला काढलंस तर एवढंच कर, हलक्या हातानं धू. थोडी वाळू राहू दे.