डाव्या पायाचा शेक

लेकीला घेऊन मी पलंगावरून उठले, दोन पावलं टाकली आणि डावा पाय कुठे टेकला ते मला कळलंच नाही. गुडघा दुमडला. आई मागेच होती म्हणून तिने आम्हा दोघींना धरलं. लेक जागीसुद्धा झाली नाही. पण तेव्हापासून आई तिला माझ्याकडे द्यायची ती मी बसलेली असतानाच.

सिझेरियनच्या वेळी कमरेत सुई दिली होती. उजवा पाय संध्याकाळपर्यंत माझा झाला. डावा गुडघ्याखाली परत आलाच नाही. हलायचा, पण त्याला काही लागायचं नाही. कुणी दुसऱ्याचाच पाय मला सांभाळायला दिलाय असं वाटायचं. नर्सिंग होममध्ये म्हणाले, जाईल हळूहळू. शेजारच्या उत्तराकाकू म्हणाल्या, "अगं, माझी तर कंबर अजून धरते. होतं असं." सगळ्यांनाच काही ना काही झालेलं होतं, माझंही त्यातच जमा झालं.

पहिलं बाळंतपण, म्हणून मी मुलुंडला आईकडे. सव्वा महिना झाला की गोरेगावला परत. तिथे सुबोध सकाळीच कामावर जाणार, सासूबाई नाहीत, दिवसभर मी आणि ही एवढीशी. तिथे माझ्यामागे कोण उभं असणार? पाजताना डोक्यात हेच चालू असायचं.

आईला मात्र शंका नव्हती. "वात शिरलो हा पायात. माझ्या आवशीन आमका सगळ्यांका शेक दिल्यान. कोणाचो पाय असो रवलो?"

कुडाळहून आणलेली लोखंडी शेगडी गॅलरीत पेटली. निखाऱ्यांवर ओवा पडला आणि धूर वरच्या मजल्यावर गेला. वॉचमन दारात.

"मावशी, सेक्रेटरी विचारतायत, काय जळतंय?"

"बाळंतीण आहे घरात म्हणून सांग. त्यांच्या घरी मुलं काय लिफ्टने आली?"

आईची शेकायची रीत ठरलेली. सुती फडकं शेगडीवर तापवायचं, स्वतःच्या गालाला लावून बघायचं, मग माझ्या अंगाला. मी "आई गं" म्हटलं की ती फडकं उचलायची. तिच्या आईनेही तिला असंच शेकलं होतं. कंबर झाली, पाठ झाली, उजवा पाय झाला. डाव्या पायाला मी कधी "आई गं" म्हटलंच नाही. म्हणून तिथे ती जास्त वेळ थांबायची, आणि फडकं आणखी तापवायची. गारठा खोल गेलाय, तर ऊबही खोल जायला हवी.

मीही पाय पुढे करत राहिले. कधीतरी चटका बसेल, मी ओरडेन, याची मी वाट बघत होते. "अजून तापव," मीच म्हटलं त्या दिवशी.

लेकीची टोपी सरळ करत होते, तेवढ्यात आई थांबली. तिने फडकं उचललं होतं. खाली पोटरीवर दोन मोठे फोड आले होते, आणि भोवतालची कातडी लालभडक.

"तुका कळाक नाय गो?"

"नाही."

"जराय नाय?"

"नाही गं आई."

तिने मला मोरीत नेऊन बसवलं आणि पायावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली. पाणी गार होतं की कोमट, मला सांगता आलं नसतं.

सुबोध कामावरून तसाच आला आणि आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. नसांच्या डॉक्टरांनी आधी भाजलेलं बघितलं, मग फोड टाळून टाचणी टोचत तळव्यापासून वर यायला लागले. गुडघ्याशी मी "हं" म्हटलं. तोवर प्रत्येक टोचणीला समोर बसलेली आई अंग चोरत होती.

"नस दुखावलीय," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू सुधारेल. पण थोडी बधिरता कायमचीही राहू शकते, ते आज नाही सांगता येणार. शेक बंद. घरातसुद्धा पट्ट्याची चप्पल घाला, आणि पाऊल बघून टाका."

"बाळाला घेऊन चालू?"

"पायात ताकद आहे. डोळे खाली ठेवायचे. आधी कुणीतरी सोबत असू द्या."

घरी आल्यावर आईने शेगडीत उरलेले निखारे विझवले. ती जेवली नाही. "तू काय मुद्दाम केलंस का, आई?" मी म्हटलं.

"हात माझोच होतो," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून पट्ट्याच्या चपला घेऊन आली. माझी आई म्हणजे प्लंबरलाही उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावणारी बाई. तिने नव्याकोऱ्या चपलांचे तळ नळाखाली धुतले, पदराने पुसले, माझ्यापुढे खाली बसली आणि त्या माझ्या पायांत घातल्या. पट्टा ओढत सवयीने विचारलं, "घट्ट लागता?"

मग तिने माझ्याकडे बघितलं. पट्टा आणि पाय यांच्यामध्ये तिने स्वतःचं बोट घातलं, फिरवून बघितलं, आणि एक भोक सैल केलं.

"ऊठ."

मी उठले. तिने लेकीला उचलून माझ्या हातात दिलं आणि बाजूला येऊन उभी राहिली, मला न धरता.

लेक जागी होती, तोंडाचा चंबू करून बघत होती. मला तिच्याकडेच बघायचं होतं.

"खाली बघ," आई म्हणाली.

मी डाव्या पायाकडे बघितलं, आणि पाऊल टाकलं.