सीटखालचं दुखणं

मित्रांनो, निर्मळच्या नाक्याजवळ ॲन्सेल्मच्या गॅरेजमागे गवतात उभी असलेली पांढरी व्हॅन म्हणजे मी. माझी कहाणी तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी १९९७ साली कारखान्यातून बाहेर पडले. माझे पहिले मालक प्रल्हादराव विरारला चंदनसारमध्ये राहत. दर रविवारी ते मला पिवळ्या फडक्याने पुसत आणि शेजाऱ्यांना म्हणत, "आठ वर्षांची झाली, पण आवाज ऐका हिचा!" तेव्हा मला फार बरं वाटे.

एकदा त्यांच्या मुलाने, संकेतने, मला अर्नाळ्याच्या वाळूत नेलं. चाकं रुतली आणि भरती आली. खारं पाणी सीटपर्यंत चढलं. शेवटी कोळ्यांनी दोर लावून मला ओढून काढलं. प्रल्हादरावांनी मला धुतलं, वाळवलं आणि महिन्याभरात विकायला काढलं. विक्रीच्या फॉर्मवर 'गाडी कधी पाण्यात बुडाली होती का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' असं लिहिलं. माझ्या पोटाखालून इंजिनाला पाणी नेणारी लोखंडी नळी तेव्हापासून गंजत होती. ते फक्त मला कळत होतं.

वसईतल्या जुन्या गाड्यांच्या दुकानातून मला नंदाखालच्या व्हिक्टरने घेतलं. त्याची केळीची छोटी वाडी होती. त्याची बायको मार्था हिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला वसईला न्यावं लागे. येताना तिला बसवत नसे, म्हणून मागे आडवं होता येईल अशी गाडी त्याला हवी होती.

दुकानातली उन्नती नावाची मुलगी म्हणाली, "अंकल, एक वर्षाची वॉरंटी घेऊन टाका. आमचा माणूस आधी गाडी खालून-वरून चेक करतो, मग वर्षभर इंजिनाचं टेन्शन आमचं. आठ दिवसांत सांगा. फक्त तोपर्यंत दुसऱ्या कोणाकडे इंजिन खोलू नका. बोल्टवर हे लाल ठिपके आहेत ना, ते तुटले की वॉरंटी नाही."

व्हिक्टर सात दिवस घुटमळला. तेवढ्या पैशांत मार्थाची महिन्याची इंजेक्शनं येत होती. गाडी वाटेत बंद पडली तर? आणि नाही पडली तर? तो माझ्या चाकाशी उकिडवा बसून राही. 'घे रे बाबा, घे,' असं मला ओरडावंसं वाटे. पण कोणी किल्ली फिरवली तरच मी बोलणार, आणि तेही फक्त घरघर.

मार्था पायरीवरून म्हणाली, "माझी वॉरंटी कोणी देत नाही, आणि तू गाडीची घेतोस?"

"तुझ्यासाठीच घेतोय ना!"

"मग घे. असा तोंड पाडून बसू नको. कोणाला वाटेल मी गेलेच."

दोघंही हसली. मग व्हिक्टरने गावातला प्रत्येक माणूस जे करतो तेच केलं. मोठा खर्च करण्याआधी आपल्या माणसाला दाखवायचं, म्हणून त्याने मामेभावाला, ॲन्सेल्मला, बोलावलं.

ॲन्सेल्मने इंजिनावरची पुढची सीट उचलली. "कागदाचा कसला भरवसा? मी कशाला आहे?" असं म्हणत त्याने इंजिनाचं झाकण खोललं, तेल बोटावर घेऊन पाहिलं आणि झाकण लावलं. "ठणठणीत आहे रे! पण मार्थासाठी हवीच असेल वॉरंटी, तर घे." पोटाखाली मात्र तो वाकला नाही.

आठव्या दिवशी व्हिक्टर पैसे घेऊन दुकानात गेला. उन्नतीने सीट उचलून पाहिलं, लाल ठिपके तुटलेले होते, आणि तिचा चेहरा उतरला. "अंकल, खोललं तुम्ही?"

"परक्याने नाही हो. मामेभाऊ आहे माझा."

"मला कळतंय अंकल. पण वरचे लोक ऐकणार नाहीत." खालून-वरून होणारी ती तपासणीही झाली नाही.

त्यानंतर पाच आठवडे मी मार्थाला वेळेवर पोचवलं. सहाव्या शुक्रवारी, भर उन्हात, नळी फुटली. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, आणि त्याच सीटवर मार्था बसली होती.

"सीट भाजतेय रे."

"ऊन आहे. पोचलोच आपण."

मी पोचवू शकले नाही. वाफ उसळली, आतलं लोखंड लोखंडाला धरून बसलं आणि मी वाटेतच थांबले. व्हिक्टरने तिला हात धरून उतरवलं. तिच्या पायांवर सूज होती, धाप लागली होती. त्याने तिच्या औषधापुरती आणलेली पाण्याची बाटली माझ्यात ओतली, पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली.

"व्हिक्टर," ती म्हणाली, "तिला सोड. मला बघ."

तेव्हा त्याच्या हातातली किल्ली सुटली. रस्त्यात आडवा उभा राहून त्याने केळीचा एक टेम्पो थांबवला, मार्थाला घडांमध्ये निजवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. टेम्पो दिसेनासा झाला. माझी दारं उघडी राहिली.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला गेलं होतं. संध्याकाळी उशिरा ते मोकळं झालं, तोवर ती शुद्धीवर नव्हती. ती वाचली, पण तेव्हापासून तिथल्याच वॉर्डात आहे. मला ओढून आणणारा ॲन्सेल्म हे सगळं माझ्याच दाराला टेकून कोणाला तरी सांगत होता, म्हणून मला कळलं. सांगता सांगता तो रडला.

मित्रांनो, मी कोणाला दोष देत नाही. तो अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. एवढंच मागते, की जुनी गाडी विकाल तेव्हा तिचं दुखणं लपवू नका. तिच्या सीटवर उद्या कोण बसणार आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.