कापलेली दाद

"भावजी, एक कॅसेट पायजे हुती," असं म्हणून आक्काताई दुकानाच्या पायरीवरच बसल्या.

मी एका रेडिओचं पोट उघडून बसलो होतो. हातातलं काम तसंच टाकून उठलो. आक्काताई म्हणजे माझ्या दोस्ताची, हिंदुराव हवालदाराची बायको. हवालदार जाऊन पाच महिने झाले होते. जून लागला तरी ऊन हटत नव्हतं, आणि अशा उन्हात ही बाई कराडजवळच्या गावाहून दोन एसट्या बदलून एकटी आटपाडीला आली होती. मी तांब्या पुढे केला. अर्धा तांब्या त्यांनी एका दमात संपवला.

"राहीबाईंची नवी भरलीया. ती दिऊ?" मी विचारलं.

"गानं नगं वो. त्येंचा आवाज पायजे."

"हवालदाराचा?"

"फोटू हाय. वर्दीतला. रोज पुसती मी. पर आवाज याद येईना झालाय, भावजी. म्हस पिळताना मनात म्हनून बगती, कशी हाक मारायचे त्ये. तोंड दिसतं, तोंड हालतं, पर आवाजच येत न्हाई." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. "तुमी इतकी वर्सं टेप घिऊन त्येंच्या शेजारी बसलायसा. त्यात त्येंचं वरडनं घावंलच की."

"घावंल की. न घावाया काय झालं?" मी म्हणालो. "मंगळवारी मीच घिऊन येतो घरी."

खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा वार सांगून टाकतो. आक्काताई समाधानानं दोनच्या गाडीनं परत गेल्या आणि मी त्या उघड्या रेडिओसमोर बसून राहिलो. माझ्या फळीवर त्रेसष्ट कॅसेटी होत्या. त्यातल्या एकीतही हिंदुरावचा आवाज नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो मीच काढून टाकला होता.

हे सांगायचं तर आधी राहीबाई सांगायला हव्यात. राहीबाईंची गायन पार्टी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. बाबासाहेबांची जयंती लागली की माण, खटाव, आटपाडी, विटा, जिथून बोलावणं येईल तिथे ही बाई जायची. साथीला एक पेटी, एक ढोलकी आणि मागे दोन बाया. आवाज खणखणीत, पण वरच्या सुरात गेला की जरासा चिरायचा, आणि तो चिरला की ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलायचं. मी तिच्यापायी वेडा होतो. गायनापायी, बाईपायी नव्हे. आमच्या घरात हा खुलासा पुष्कळदा करावा लागला.

त्र्याहत्तर साली, दुष्काळात, दिघंचीच्या जयंतीला मी स्पीकर सांभाळत होतो. रस्त्यावर एक एसटी पंक्चर झाली आणि त्यातून एक फौजी उतरला. डोक्यावर काळी ट्रंक, मिशा कानापर्यंत. मांडवाच्या कडेला तो उभा राहिला. गाडी दुरुस्त झाली, कंडक्टरनं घंटी मारली, दोनदा हाका मारल्या, हा गडी हलेना. गाडी गेली. मग त्यानं ट्रंक माझ्या ॲम्प्लिफायरशेजारी ठेवली आणि तिच्यावर बसला. राहीबाईंनी कडवं वर नेलं, आवाज चिरला, आणि हा ओरडला, "जित्ती ऱ्हा, बाई!"

मांडव दचकला. ढोलकीवाल्याचा हात चुकला. राहीबाई मात्र हसल्या.

हा हिंदुराव. तोफखान्यात होता. लढाईत डावा कान गेला होता, त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतो याचा त्याला पत्ता नसायचा. पाटलाच्या घरचा, उसाच्या रानाचा धनी, आणि जयंतीच्या मांडवात आमच्या पंगतीला बसून जेवायचा. त्याच्या गावात कुणी नाक मुरडलं, तर ते नेमकं त्याच्या बंद कानाच्या बाजूला व्हायचं. त्या दिवशी तो रिटायर होऊनच घरी चालला होता, आणि तेव्हापासून आम्ही दोघं मिळून बाईंच्या मागे फिरू लागलो. सायकलीवर, एसटीत, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरवर. कार्यक्रम कुठे आहे हे एकमेकांना पत्रानं कळवायचो. पत्रात दुसरं काही नसायचं, गाव आणि तारीख. तेवीस वर्षं असं चाललं.

अठ्ठ्याहत्तर साली मी टेपरेकॉर्डर घेतला आणि बाईंचं गाणं भरायला लागलो. घरी येऊन ऐकलं, तर प्रत्येक चांगल्या जागेवर हवालदार! बाईंचा आवाज चिरतो ती जागा म्हणजे गाण्याचा जीव, आणि तिथेच हा बोंबलतो. मला असा राग आला म्हणता! मी दोन टेप वायरनं जोडले आणि गाणं एकावरून दुसऱ्यावर उतरवून घेताना, हवालदार तोंड उघडायच्या आत बटण दाबायला शिकलो. त्याचं झालं की सोडायचं. 'टक्' असा बारीक आवाज यायचा, बस. मूळ कॅसेटवर पुढचा कार्यक्रम भरायचा. लोक कौतुक करायचे, की अर्जुना रेडिओवाल्याची कॅसेट म्हणजे धुतल्या तांदळासारखी. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा हवालदारानं घरी कॅसेट लावली आणि पुढच्या कार्यक्रमाला मला गाठलं.

"अर्जुना, माजा आवाज कुटं गेला रं?"

"तू लांब बसतुस. मायकात येत न्हाईस," मी ठोकून दिलं.

हे मी का बोललो असेन! त्या दिवसापासून तो माइकला चिकटून बसायला लागला आणि दुप्पट जोरानं ओरडायला लागला. मी आणखी नेमकेपणानं कापायला लागलो. प्रत्येक वेळी तो विचारायचा, "आता आला का रं?" आणि मी म्हणायचो, "न्हाई गड्या, मशीनच तसलं हाय." सतरा वर्षं. हसायची गोष्ट म्हणून मी ती चारचौघांत रंगवून सांगायचो, आणि सगळे हसायचेही.

जानेवारीत तो गेला. उसाला पाणी धरायला म्हणून गेला आणि बांधावर बसला तो बसलाच. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला विट्यात राहीबाईंचा कार्यक्रम होता. संध्याकाळचं ऊन अजून विहाराच्या भिंतीवर होतं. बाईंनी कडवं वर नेलं, आवाज चिरला, आणि त्या थांबल्या. सवयीनं थांबल्या. इतक्या वर्षांत त्या जागेवर त्यांनीही त्याच्यासाठी एक श्वास मोकळा ठेवलेला होता. कुणी ओरडलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या शेजारच्या रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं, आणि ढोलकीवाल्याला मानेनं खूण करून पुढे गायला लागल्या. त्या शांततेत मला 'टक्' ऐकू आलं. टेप नीट चालू होता. माझ्या डोक्यातच ते वाजलं होतं.

तेव्हापासून ते मला कुठेही ऐकू येऊ लागलं होतं. कुणी कडी लावली, कुणी काडेपेटीतली काडी मोडली, की वाटायचं, इथे आता हवालदार बोलणार होता. आणि आता आक्काताई येऊन नेमकं तेच मागून गेल्या होत्या.

तीन दिवस मी त्रेसष्ट कॅसेटी पुढे-मागे फिरवून त्या त्या जागा ऐकल्या. एखादं खोकणं, एखादा हुंकार तरी सापडेल म्हणून कान लावून बसलो. काही सापडलं नाही. काम फार स्वच्छ झालं होतं. प्रत्येक 'टक्' मात्र ओळखीचा निघाला. दहिवडीला तो अंगात ताप असताना घोंगडं पांघरून आला होता, तो हा. थोरल्या लेकीचं लग्न ठरल्याच्या दिवशी नारळ घेऊन आला आणि बाईंच्या पायाशी फोडायला दगड शोधत फिरला, तो हा. मला त्याचं सगळं आठवत होतं, आणि टेपवर फक्त बाई गात होत्या. माझ्याच हातानं मी माझ्या दोस्ताला तिथून पुसून टाकलं होतं, आणि वर त्याचा अभिमान बाळगला होता.

सोमवारी दुपारी मला दुर्बुद्धी सुचली. दुकानाच्या फळ्या लावल्या, एका टेपवर गाणं लावलं, दुसऱ्यात रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि त्या जागेवर, हवालदाराचा आवाज काढून, ओरडलो, "जित्ती ऱ्हा, बाई!"

शेजारचा कोंडीबा शिंपी गळ्यातला मापाचा टेप सावरत धावत आला. फळ्यांवर थापा मारत म्हणाला, "अर्जुना! करंट बसला का रं?"

"न्हाई, न्हाई. जा तू."

सातव्या खेपेला जमलं, असं मला वाटलं. ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला.

मंगळवारी दुपारी मी हिंदुरावच्या सोप्यात बसलो होतो. भिंतीवर वर्दीतला फोटो, त्याला ताजा हार. आक्काताईंनी चहा ठेवला आणि समोर मांडी घालून बसल्या. मी टेप चालू केला. त्यांनी डोळे मिटले. बाई गात होत्या. कडवं वर गेलं, आवाज चिरला, आणि तो ओरडला.

आक्काताईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"बंद करा, भावजी."

मी बंद केला.

"ह्ये तुमी हायसा."

मान वर करायची माझी छाती झाली नाही. मग मी सगळं सांगितलं. दोन टेप, वायर, बटण, मशीनच तसलं आहे म्हणून मारलेली थाप. एकही शब्द मागे ठेवला नाही. सांगताना मी रडत होतो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"एक बी ऱ्हायला न्हाई?" त्यांनी विचारलं.

"एक बी न्हाई, वैनी."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. चहावर साय धरली होती.

"त्येंला ठावं हुतं का ह्ये?"

"न्हाई."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "लय बोलायचे तुमच्या टेपवर. म्हनायचे, 'आक्के, मी मेल्यावर बी ह्या टेपात वरडत बसनार बग.'"

उठावं आणि पुन्हा या घराचं तोंड बघू नये, असं वाटलं. मी टेपची वायर गुंडाळायला लागलो, तशा त्या म्हणाल्या, "बसा की. कुटं चाललायसा?" मग टेपकडे बोट करून, "त्येंचा आवाज न्हाई ह्यो. पर तुमाला त्यो अजून ऐकू येतोय, व्हय न्हवं?"

"येतुय, वैनी. रोज येतुय."

"मला येत न्हाई. टेप ऱ्हाऊ द्या. अंगनात हुबं ऱ्हावा आन तोंडानं म्हना."

"वैनी, आळीतली मानसं—"

"त्येंनी कवा बगितली हुती मानसं?"

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. ऊन डोक्यावर होतं. गोठ्यातली म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करत होती. माझं वय बावन्न, डोक्याला टक्कल, आणि मी दुसऱ्याच्या दारात भर दुपारी उभा. मी ओरडलो, "जित्ती ऱ्हा, बाई!"

आक्काताई उंबऱ्यात उभ्या होत्या. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं.

"न्हाई. 'जित्ती' असं तोडायचे न्हाईत त्ये. लांब वडायचे."

मी पुन्हा ओरडलो. शेजारची एक बाई डोक्यावरची घागर धरून कुंपणाशी थांबली.

"गळ्यातनं वरडताय तुमी. त्येंचं हितनं यायचं," त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्यांचा चेहरा आता काहीतरी जवळ आल्यासारखा दिसत होता. "आनी मोट्यानं. लय मोट्यानं, भावजी."

मी डोळे मिटले, छातीत मावेल तेवढी हवा भरली आणि तिसऱ्यांदा ओरडलो. पलीकडच्या उसातून पाखरं उठली.

या वेळी आक्काताईंनी काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी हळूच, धनी दारात आल्यासारखा, डोक्यावर पदर घेतला.