कडेपर्यंत मेण

आमचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. रंग पाटीच्या कडेपर्यंत गेला नाही तर त्यांच्या लेखी पाटी झालीच नव्हती. ‘कडेपर्यंत’ हा शब्द त्यांनी दादाला दिला आणि दादाने तो वहिनीला संसारभर ऐकवला. चादर कडेपर्यंत ओढ, केर कडेपर्यंत काढ. माझ्या वाट्याला वडिलांचं फक्त नाक आलं, ते एक बरं झालं.

त्या सकाळी जे घडलं त्यात वहिनीची चूक किती आणि त्या शब्दाची किती, हे मी अजून ठरवलेलं नाही.

दादाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी त्या दिवशी निघणार होती. भाचा त्याला आपल्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला होता. आणखी काही आठवडे दादाने गाडी चालवायची नव्हती, आणि आमच्या थोरल्या ताईकडे तर दुसऱ्याच दिवशी जायचं होतं. वहिनी साठी उलटल्यावर गाडी शिकली, परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली. पण दादाच्या लाल गाडीची किल्ली तिच्या हाती कधी आली नव्हती. हा माणूस गाडीच्या टपावर कुणाला पिशवीसुद्धा ठेवू द्यायचा नाही.

“चालवतं कुणीही,” जाताना तो म्हणाला होता. “आधी निगा राखून दाखव. धुऊन, कडेपर्यंत मेणाचं पॉलिश करून ठेव. आल्यावर बघतो. पसंत पडली तर उद्या तू चालव, नाहीतर सगळे बसने जाऊ.”

मी शेजारच्याच घरात राहते. कुंपणावरून हाक आली, “वन्सं, जरा येता का?”

वहिनी शाळेत माझ्या बाकावर बसायची. ती मला ‘वन्सं’ म्हणते ते फक्त दोन वेळा: चिडवायचं असलं की, किंवा गळ्याशी आलं की. मी चप्पल न घालताच गेले.

लाल पत्रा आरशासारखा झळकत होता. पण खालचा काळा बंपर, दारांच्या काळ्या पट्ट्या, आरशांची काळी टोपणं, जिथे जिथे ते खरखरीत, दाणेदार प्लॅस्टिक होतं तिथे तिथे पांढरे फराटे उठले होते. दूध पिऊन तोंड न पुसलेल्या पोरासारखी गाडी दिसत होती.

“तिथे कशाला लावलंस गं?”

“कडेपर्यंत लावलं,” वहिनी म्हणाली.

मी ओलं फडकं फिरवलं. सगळं काळंभोर झालं. आम्ही एकमेकींकडे विजयाने पाहिलं. ऊन लागलं, पाणी वाळलं, आणि फराटे पुन्हा हजर.

“ओलंच ठेवू या,” वहिनी म्हणाली. “ते आले की तू नळी घेऊन पाणी मारत राहा.”

“आणि उद्या ताईकडे जाताना? मी टपावर बसू नळी घेऊन?”

“काल आले असते तरी चाललं असतं गं. काल त्यांना समोरचं दार दिसत नव्हतं. आज नवे डोळे घेऊन येतायत आणि पहिली बघणार ती माझी गाडी.”

आम्ही कोमट पाण्यात साबण कालवला आणि जुना दातांचा ब्रश घेतला. वरवरचं निघालं. पण प्लॅस्टिकच्या दाण्यांमधल्या बारीक खळग्यांत मेण घट्ट बसलं होतं. जोर लावून घासलं की आणखी आत जायचं. वहिनीचा चेहरा उतरायला लागला. “बसचं वेळापत्रक बघून ठेव,” ती म्हणाली, आणि ब्रश बादलीत टाकून पायरीवर बसली.

तिच्या शेजारी बसले तेव्हा मला आमचं नकाशांचं ऑफिस आठवलं. तिथे मी उभी हयात रेघा ओढल्या. उत्तरेच्या खिडक्या, उतरती टेबलं, पेन्सिलीच्या लाकडाचा वास. खरखरीत कागदावर रेघ चुकली की नव्या मुली खसाखसा खोडायच्या आणि शिसं कागदात मुरायचं. आमच्या मोठ्या बाई पाठीमागून यायच्या आणि म्हणायच्या, “खोडरबर आहे तो, खराटा नव्हे. एकाच दिशेने ने, उचल, पुन्हा ने.” बाई गेल्या त्याला किती वर्षं झाली, पण ते वाक्य ऐकलं की आजही माझा हात हलका होतो.

मी शब्दकोडी पेन्सिलीने सोडवते, त्यामुळे घरात पांढरा मऊ खोडरबर असतोच. तो आणला आणि वहिनीला केस वाळवायचा ड्रायर आणायला सांगितला.

“आता केस विंचरायचेत का तिचे?”

“मेण आहे ना? मग मऊ कर. लांबूनच वारा दे, प्लॅस्टिक भाजू नकोस.”

ती ऊब द्यायची, मी खोडरबर एका दिशेने ओढायचे. मेण बारीक वळ्या होऊन बाहेर यायला लागलं. वहिनी हसायला लागली. मग मी ड्रायर धरला आणि ती खोडू लागली. खोडताना जीभ बाहेर काढायची तिची शाळेतली सवय अजून गेलेली नाही.

मागच्या बंपरच्या खालच्या दुमडीत तिचा हात थांबला. “हे निघत नाही गं.”

मी वाकून पाहिलं. तिथेही एक लांब फराटा होता, पण मळकट पिवळा, नखालाही दाद न देणारा.

“आजचं मेण पांढरं आहे,” मी म्हणाले. “हे फार जुनं आहे.”

“पण या गाडीला मेण लावतं कोण? एकटे तेच तर—” वहिनी बोलता बोलता थांबली. मग तिने खोडरबर खिशात टाकला. “राहू दे ते. तेवढं पुसायचं नाही.”

दादा आला तो काळा चष्मा लावूनच. वाड्याची पाहणी करायला निघालेल्या सरदारासारखा त्याने गाडीभोवती फेरा घातला. पत्रा पाहिला, पट्ट्या पाहिल्या, आरशांवरून बोट फिरवून बोट पाहिलं. काहीच सापडेना, तसा तो अस्वस्थ होत गेला. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून मागच्या बंपरपाशी वाकला.

“हे बघ. इथे राहिलंच,” तो आनंदाने म्हणाला. “कडेपर्यंत म्हणून सांगितलं होतं.”

“कडेपर्यंत आमचं झालंय,” वहिनी म्हणाली. “ते पिवळं बघा नीट. ते माझं नाही. माझं पांढरं होतं, ते सगळं निघालं.”

दादाने चष्मा वर केला आणि डोळे किलकिले करून पाहिलं. सरळ व्हायला त्याने बराच वेळ घेतला.

“तू माहेरी गेली होतीस तेव्हा,” तो हळूच म्हणाला. “गाडी नवीन होती. पॉलिशचा डबाही पहिलाच.”

“कडेपर्यंत लावलंत?”

“मग काय अर्धवट लावू? आठवडाभर घासत होतो. तेवढं हाताला लागलं नाही.” मग त्याने काळ्या पट्ट्यांकडे पुन्हा पाहिलं. “तुमचं निघालं कसं?”

“ते उद्या वाटेत सांगेन,” वहिनीने हात पुढे केला.

दादाने खिसा चाचपला, दुसरा चाचपला, आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. “उद्याचं उद्या. आधी एक चक्कर मारून दाखव.”

मी मागे बसले. दादा पुढे तिच्या शेजारी बसला आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहिला. वहिनीने गाडी हलकेच फाटकाबाहेर काढली. समोरून पाववाल्याची गाडी येत होती, म्हणून तिने आपली जरा बाजूला घेतली, मग आणखी जरा.

“अगं, अगं,” दादा म्हणाला, “कडेपर्यंत नको. मधून घे.”