टकळी गप्प झाली तेव्हा

मित्रांनो, कपड्यांची पेटी, टपालपेटी, मतपेटी, अशा कितीतरी पेट्या तुम्हाला ठाऊक आहेत. माझ्यासारखी पेटी मात्र फार थोड्या मुलांनी पाहिली असेल, आणि ज्यांनी पाहिली त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती. मी वाळूची जुनी पेटी आहे. मुलांच्या एका दवाखान्यात, जिथे औषधाची एक बाटलीही नव्हती अशा खोलीत माझं आयुष्य गेलं.

एका सुताराने जुन्या दरवाजाच्या फळ्यांना रंधा मारून मला घडवलं. लहान मुलाने दोन्ही हात पसरले की भरेल एवढी मी लांब. माझा तळ निळा रंगवला होता. वाळू बाजूला सारली की खाली पाणी आहे असं वाटायचं. सुताराला माझा उपयोग काही कळेना. "वाळूत शी करायला एवढं मोठं मांजर आहे का हो तुमच्याकडे?" असं त्याने विचारलं, तेव्हा ताई पोट धरून हसली होती.

ताई म्हणजे दवाखान्यातली समुपदेशक. मुलांच्या मनावरचं ओझं उतरवायला मदत करणं हे तिचं काम. तिने माझ्यात धुतलेली बारीक वाळू भरली आणि शेजारच्या फळीवर इवलीशी माणसं, घरं, कुंपणं, झाडं, प्राणी मांडून ठेवले. जे बोलता यायचं नाही ते मुलं माझ्यात मांडायची. कोणी सगळे वाघ पुरून टाकायचं. कोणी एका घराभोवती कुंपणावर कुंपण घालत बसायचं. ताई जमिनीवर बसून बघायची आणि घाई करायची नाही. पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. मोठे डॉक्टर तर मला "आमच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई" म्हणायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग टकळी आली.

ती नऊ वर्षांची होती. तोंडाची टकळी अखंड चालायची म्हणून घरात हे नाव पडलेलं. पण वर्ष होत आलं तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे गोळू म्हणत, अंगणातल्या पाण्याच्या टाकीत पडून बुडाला. त्या दिवसापासून ही गप्प.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. ते तिच्या आईला म्हणाले, "घसा ठणठणीत आहे. पुढे गरज पडली तर औषधाचं बघू. पण आत्ता हिला ऐकणारं कोणीतरी हवंय."

"अहो, बोलतच नाही तर ऐकणार काय?" सोबत आलेली आत्या फणकारली. आईने मान खाली घातली.

सुरुवातीला टकळी दारापाशीच बसायची. मग एकदा ती माझ्याजवळ आली आणि तळहाताने वाळू सपाट करू लागली. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. ताई फक्त म्हणायची, "कुठेच उंचवटा राहू द्यायचा नाही तुला." आत्या दार ढकलून डोकावायची. "एवढ्या लांबून आणायचं ते वाळूत खेळायला? दोन रट्टे दिले की बोलेल." ताई उठून, शांतपणे दार लावून घ्यायची.

एके दिवशी टकळीने फळीवरून भिंती उचलल्या. एक बंद खोली केली. आत एक बाई आणि एक माणूस समोरासमोर ठेवले. खोलीबाहेर वाळू सारून निळा तळ उघडा केला. त्याच्या कडेला एक छोटं बाहुलं आणि त्याच्याजवळ एक मुलगी ठेवली. मग बोटाने बाहुल्याला त्या निळ्या पाण्यात लोटलं. मुलीला उचलून ती बंद खोलीच्या भिंतीवर आपटू लागली. टक, टक, टक.

आणि ती बोलली. कित्येक दिवस बंद असलेला नळ सोडावा तसा खरखरीत आवाज आला. "गप्प बस जरा! सारखं काय आई, आई!"

तो आवाज तिचा नव्हता. आईचा होता. नंतर तिने त्या मुलीच्या तोंडावर बोट दाबून धरलं, ते बराच वेळ काढलं नाही.

दुसरं कोणी असतं तर 'बोलली, बोलली' म्हणत धावत बाहेर गेलं असतं. ताई जागची हलली नाही. "तिने हाक मारली," ताई हळू म्हणाली, "आणि तिला गप्प बस म्हणून सांगितलं."

टकळीने मान हलवली.

"हे आईला दाखवायचं का? नको असेल तर नको."

पुढच्या वेळी टकळी आपण होऊन आईचा हात धरून तिला आत घेऊन आली. तिने तीच खोली, तेच पाणी, तीच मुलगी पुन्हा मांडली. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"खोटं आहे हे! मी असं म्हणालेच नाही."

टकळीने आईकडे पाहिलं. मग सगळ्या भिंती उचलून ठेवल्या आणि तळहाताने वाळू सपाट करून टाकली. त्यानंतर तिचं येणं बंद झालं. ताई फोन करायची, पलीकडून कोणी उचलायचं नाही. तिच्या वेळेला ताई दुसऱ्या कोणाला बोलवायची नाही. नुसती बसून राहायची.

एका दुपारी आई एकटीच आली. माझ्यासमोर बसली आणि वाळूत बोटं खुपसून रडू लागली.

"दार लावून भांडत होतो आम्ही. तिची हाक ऐकली मी. वाटलं, खेळात ओरडतेय. मी खेकसले आणि ती गप्प झाली. तेव्हा मला बरं वाटलं हो! बरं वाटलं! हे कुठल्या तोंडाने सांगू तिला?"

"हाक ऐकली आणि खेकसले, एवढं सांगा," ताई म्हणाली. "बरं वाटल्याचं मात्र माझ्याशी बोला, लागेल तितक्या वेळा. ते ओझं तिच्या खांद्यावर नको."

मग मायलेकी दोघी आल्या. आई गुडघ्यांवर बसली, म्हणजे तिचे डोळे टकळीच्या डोळ्यांसमोर आले. "मी म्हटलं होतं गप्प बस. तू बरोबर हाक मारलीस. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

"मग आली का नाहीस?"

एवढंच. या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता. टकळीने मूठभर वाळू आईच्या अंगावर फेकली. मग दुसरी मूठ. आई हलली नाही. "खूप राग आलाय," ताई म्हणाली. "फेक. डोळ्यांत जायला नको, भिंतीवर फेक." मी अर्धी रिकामी होईपर्यंत ती फेकत राहिली. मग माझ्या काठावर डोकं टेकून तिने गोळूला हाका मारल्या. बाहेरच्या बाकावर बसलेली आत्यासुद्धा त्या ऐकून तोंडाला पदर लावून बसली.

मित्रांनो, त्यानंतर सगळं छान झालं असं मला सांगता आलं असतं तर! टकळी घरात चार शब्द बोलू लागली. शाळेत मात्र तोंड उघडेना. ताईने तिच्या बाईंशी बोलून ठेवलं, म्हणून मान हलवून दिलेलं उत्तर तिथे चालायचं. आईवडिलांच्या संसाराची घडी विस्कटली ती विस्कटलीच. बाबा आत्याकडे राहायला गेले. पण टकळी येत राहिली, वाळूत घरं मांडत राहिली, आणि त्या घरांना आता दारं असायची.

त्याच सुमारास दवाखान्याला जागा कमी पडू लागली. कचेरीतल्या साहेबांना आमची खोली हवी होती. ताईने परोपरीने सांगितलं की मुलांचं काम अर्ध्यात आहे. "अहो, वाळूत काय, घरीही खेळता येतं," असं म्हणून साहेबांनी विषय संपवला.

शेवटच्या दिवशी ताईने टकळीपासून काही लपवलं नाही. टकळीने विचारलं, "मी काही केलं का?"

"नाही गं राणी. हे मोठ्यांनी ठरवलं, आणि चुकीचं ठरवलं."

टकळीने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. आईचं बोट धरून ती गेली. पुढे तिचं काय झालं, ते मला कोणी सांगितलं नाही.

आता मी मागच्या जिन्याखाली असते. माझी वाळू आग विझवायच्या बादल्यांत गेली. माझ्या अंगावर मोडके पंखे ठेवलेत. ताईला गर्दीच्या दालनात एका कोपऱ्यात टेबल दिलंय. बाजूलाच रुग्णांचे नंबर पुकारत असतात. तिथे मूल काय बोलणार? औषधाची गोळी आपल्या जागी आपलं काम करते, तिच्याशी माझं भांडण नाही. पण माझं काम गोळीला येत नाही.

कधी कधी वाट बघून कंटाळलेलं एखादं मूल जिन्याखाली येतं. माझ्या काठावर साचलेल्या धुळीत बोट फिरवत काहीतरी काढू लागतं. एक घर, नाहीतर एक माणूस. तेवढ्यात कोणीतरी दंडाला धरून त्याला ओढतं, हात घाण होतील म्हणून.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना माझा एवढा निरोप द्या. हात काय, धुता येतात. त्या मुलाचं चित्र काढून होऊ द्या. शेजारी बसा, आणि ते काय आहे, हे त्याला सांगू द्या.