वन्सं

शाळेतून घरी फोन गेला तेव्हा रात्रपाळी करून आलेला नवरा झोपेत होता. त्याने तसाच तो निरोप लाँड्रीत कळवला: ठकीला शाळेत ताप भरलाय. ठकीची आई हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती. ती कामाच्या निळ्या झग्यातच धावत सुटली.

शाळेच्या बाईंनी तिला दारातच अडवलं. मोलकरणीच्या हाती मूल देता येत नाही, आईला पाठवा, असं काहीसं त्या म्हणाल्या. तेव्हा तिला परभाषेतले मोजकेच शब्द कळायचे. ‘मोलकरीण’ आणि ‘आई’ हे दोन्ही त्यात होते.

आत बाकावर बसलेली ठकी सगळं ऐकत होती, पण तिने तोंडात जणू मिठाची गुळणी धरली होती. मग गाडी आली, नणंद उतरली, आणि ठकी पळत जाऊन तिच्या कमरेला बिलगली.

या देशात त्यांना नणंदेनेच बोलावून घेतलं होतं. राहायचं तिच्याच घरात, माडीवरच्या खोलीत. “वहिनी, तुला भाषा येत नाही ना? शाळेचं मी बघते,” असं म्हणत तिने हळूहळू पोरगीच बघायला घेतली होती.

“जाऊ दे गं,” नवरा म्हणाला. “ताईला मूलबाळ नाही. आणि तिच्यामुळेच तर आपण इथे आहोत.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती भांडली नाही. लाँड्रीत चादरीचं दुसरं टोक धरणारी एक उंच बाई होती, तीही कुठल्याशा दुसऱ्या मुलखातून आलेली. तिच्याकडून ती इथली भाषा शिकायला लागली. वाफेत घामाघूम होत शब्द घोकायचे, चुकलं की दोघींनी पोट धरून हसायचं. घरी मात्र चेहरा तोच, ठोंब्यासारखा.

एकदा ती भाजी चिरत बसली होती. तिच्यासमोरच नणंद फोनवर कुणा मैत्रिणीशी त्या भाषेत बोलत होती. “पोरीला आता माझ्याशिवाय करमत नाही. भावाला पटवतेय, वहिनीला माहेरी पाठवू थोडे दिवस. एकदा गेली की परत कशाला बोलवायची?”

तिची सुरी थांबली नाही. “वन्सं, कांदा घालू का यात?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने उंच बाईला एक शब्द विचारला. वांझ.

“हा कशाला हवाय तुला?”

“हवाय.”

शाळेत पालकांची सभा होती. पालकांची प्रमुख म्हणून नणंदेचंच नाव ठरलं होतं. ती बोलायला उभी राहिली, आणि मागून निळ्या झग्यातली बाई उठली.

“ठकीची आई मी आहे,” ती त्यांच्या भाषेत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. “ही आत्या. तिने तुम्हाला खोटं सांगितलं. ती वांझ आहे, म्हणून माझी मुलगी चोरतेय.”

पोटातलं मूल कसं गेलं आणि पुन्हा का राहणार नाही, हे नणंदेने एकदाच, वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं. नेमकं तेच तिने वापरलं. नणंदेने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्ची चाचपली आणि मटकन खाली बसली. हिला मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला.

त्याच आठवड्यात त्यांनी लाँड्रीच्या वरची खोली घेतली. नवरा कित्येक दिवस धड बोलला नाही. ठकीने तर जेवणावर राग काढला.

“तू आत्याला रडवलंस.”

“हो. रडवायलाच गेले होते.”

“ती मला कधी भेटणार?”

“नाही भेटणार.”

पुढे एकदा बाजारात नणंद समोरून आली. वाळली होती, केस पिकले होते. ठकीला पाहून ती थबकली, तिचे ओठ हलले, पण ती तशीच रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

“आई, हात दुखतोय माझा,” ठकी म्हणाली.

आईने पकड जराशी सैल केली, पण सोडली नाही. नणंद दिसेनाशी होईपर्यंत ती मान ताठ ठेवून बघत राहिली, आणि मग भाव विचारायला पुढच्या दुकानाकडे वळली.