तीन वाजताची मालिका

टोरांटोत इटालियन आणि स्पॅनिश अशा दोघांना एकाच दावणीला बांधून आमचं चॅनल चालतं, आणि तिथे तक्रारींचे फोन मी घेते. बारा वर्षं झाली. इटालियन म्हणतात स्पॅनिश फार झालं, स्पॅनिश म्हणतात इटालियन फार झालं. डोक्याचा नुसता भुगा! आणि सगळ्यांवर कडी म्हणजे माझी सख्खी आई.

दुपारी तीनची स्पॅनिश मालिका लागली रे लागली, की आमच्या मातोश्री असुंताबाईंचा फोन. "आली का पुन्हा तुमची ती रडकी! आपले इटालियन कार्यक्रम कुठे गेले गं, ओर्नेला?"

"मम्मा, नको असेल तर बंद कर ना टीव्ही!"

"बंद कशाला करू? मिरेया आलीय बघायला."

मिरेया म्हणजे शेजारची, इक्वेडोरची. मम्मासारखीच एकटी. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही, पण मालिकेतल्या सासूला शिव्या घालायला भाषा कशाला लागते? कॉफी मम्माची, खायला मिरेयाचं, आणि रडायच्या दोघी एकाच जागी. तरी मम्माचा फोन काही चुकायचा नाही. जित्याची खोड! आणि प्रत्येक तक्रार नोंदवायची हा आमचा नियम. आईची म्हणून गाळता येत नाही.

मार्चमध्ये साहेबांनी तक्रारी मोजल्या आणि मालिका मध्येच बंद केली. तिच्या जागी इटालियन स्वयंपाकाचा कार्यक्रम आला. तक्रारी पाहिल्या, तर एकट्या मम्माच्याच त्रेसष्ट!

त्या आठवड्यात मी घरी जाऊन तिला फैलावर घेतलं. "पाडून घेतलास ना स्वतःच्याच पायावर धोंडा? आता बघ इटालियन!"

ती म्हणाली, "मिरेया येत नाही गं आता."

"मग तू जा की! दहा पावलांवर तर दार आहे."

"जाऊन बोलू काय? तिचं मला कळत नाही, माझं तिला. मालिकेतल्या त्या पोरीचं लग्न मोडलं, सासूने कागद लपवले, एवढंच तर आमचं बोलणं होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला ऑफिसात फोन वाजला. नाकातला आवाज, मोडकंतोडकं स्पॅनिश.

"मी मिरेया साल्सेदो बोलतेय. आम्हा स्पॅनिश लोकांवर घोर अन्याय झालाय! मालिका परत लावा."

अस्सा संताप आला म्हणून सांगू! आवाज मी ओळखणार नाही का? दात-ओठ खात विचारलं, "बाई, कारण काय लिहू?"

"लिहा की रोज सवयीने दोन कप कॉफी होते, आणि एक ओतून द्यावा लागतो."

माझी बोटं थांबली. मग लिहिलं, जसंच्या तसं. दर्शक : स्पॅनिश.

"अजून काही, बाई?"

"नाही, एवढंच." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "जेवलीस का गं?"